‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. म्हातारपणी मेंदूतले निरोप का मंदावतात, समजून घ्या

हात थरथरतो, चालताना पाय घासतात, काल ठरलेली गोष्ट आज आठवत नाही, रात्री झोप लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने अशी तक्रार केली की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, ‘आता वय झालं, असंच होणार.’ यातले काही खरेच वयामुळे होते. पण काही आजारामुळे होते, आणि काही तर चक्क रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमुळे होते. आजारावर उपचार आहेत, गोळ्या बदलता येतात. या तिन्हींतला फरक कळायचा तर मेंदूत निरोप कसे जातात-येतात, हे थोडे समजून घ्यावे लागते.

मेंदूत निरोप पोहोचतो कसा?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. एका पेशीच्या आत निरोप विजेच्या रूपात धावतो. पण दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक. बहुतेक ठिकाणी वीज ही फट ओलांडू शकत नाही. म्हणून पहिली पेशी फटीत थोडेसे रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर त्या रसायनासाठी जणू कुलूप बसवलेले असते. रसायनाची किल्ली कुलपात बसली की निरोप पुढे जातो. काम झाले की रसायन लगेच फटीतून काढून टाकले जाते. पहिली पेशी ते परत ओढून घेते, किंवा तिथेच त्याचे तुकडे केले जातात.

म्हणजे कामे चार. रसायन तयार करणे, वेळेवर सोडणे, पलीकडे कुलूप शाबूत असणे आणि शेवटी फट साफ करणे. यातले एक जरी बिघडले तरी निरोप चुकतो.

हे रसायनानेच होते, याचा पुरावा १९२१ मध्ये ओटो लोवी या शास्त्रज्ञाने दिला, तोही बेडकाच्या हृदयावर. त्याने दोन बेडकांची हृदये वेगवेगळ्या भांड्यांत, मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला, तसे त्याचे ठोके मंदावले. मग त्या भांड्यातले पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्याला कोणी झटका दिला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे पहिल्या मज्जातंतूने पाण्यात काहीतरी सोडले होते. ते रसायन म्हणजे असिटिलकोलिन. या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ मध्ये नोबेल मिळाले.

फवारणी करणाऱ्याला हे रसायन माहीत असते

असिटिलकोलिन हे नाव अवघड वाटेल, पण कापूस, भाजीपाल्याच्या पट्ट्यात त्याचा प्रताप अनेकांनी पाहिला आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही त्यातलीच) नेमकी याच रसायनावर काम करतात. असिटिलकोलिनने निरोप दिला की एक एन्झाइम क्षणात त्याचे तुकडे करते. कीटकनाशक त्या एन्झाइमलाच जाम करते. मग रसायन फटीत साचत जाते आणि तोच निरोप थांबतच नाही. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, छातीत पाणी भरल्यासारखे होऊन श्वास अडकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, तेव्हा हे सगळ्या राज्याने पाहिले.

अशा रुग्णाला दवाखान्यात अॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात. अॅट्रोपिन पलीकडच्या कुलपात जाऊन बसते आणि असिटिलकोलिनची किल्ली आत शिरू देत नाही. हेच अॅट्रोपिन बांधावरच्या धोतऱ्यात असते. धोतऱ्याचे बी पोटात गेलेला माणूस कसा वागतो, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. तोंड कोरडे पडते, अंग तापते, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते आणि माणूस भ्रमिष्टासारखा बरळतो, हवेत काहीतरी पकडायला जातो.

असिटिलकोलिन जास्त झाले तर एक तऱ्हा, अडवले गेले तर दुसरी. लक्ष लागणे आणि नवीन गोष्ट ध्यानात राहणे, ही मेंदूतली कामे बऱ्याच अंशी याच रसायनावर चालतात. म्हातारपणाशी त्याचा संबंध येतो तो इथे.

वय वाढताना नेमके काय बदलते?

वय झाले की मेंदूतल्या पेशी भराभर मरतात, असा एक समज आहे. निरोगी म्हातारपणात तसे होत नाही, बहुतेक पेशी टिकून राहतात. कमी होतात त्या पेशींमधल्या जोडण्या, रसायनाचे प्रमाण आणि ते झेलणारी कुलपे.

डोपामिन या रसायनाचे उदाहरण घेऊ. हालचाल सुरू करणे, उत्साह वाटणे, एखादे काम करायची ओढ लागणे हे डोपामिनमुळे होते. तरुणपणापासूनच डोपामिनची कुलपे दर दहा वर्षांत साधारण पाच ते दहा टक्के कमी होत जातात. म्हणून सत्तरीतला माणूस बसल्या जागेवरून उठायला, उत्तर द्यायला, मोबाइलवरची नवी गोष्ट शिकायला वेळ घेतो. हा आजार नाही. निरोप पोहोचतो, फक्त जरा उशिराने.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तरुण मेंदूकडे शिल्लक भरपूर असते. एखादी गोळी, ताप, दोन रात्रींचे जागरण यांनी निरोप थोडे बिघडले तरी तो सावरतो. म्हाताऱ्या मेंदूची शिल्लक कमी असते. उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीवर एक जास्तीची मोटर लावली तरी पाणी तुटते, तसे. म्हणून तरुणाला न बाधणारी गोळी आजोबांना बाधते.

थरथर, सर्पगंधा आणि खाजकुयली

मेंदूच्या मधल्या भागात डोपामिन बनवणाऱ्या काही लाख पेशींचा एक छोटा पुंजका असतो. वयाने त्या हळूहळू कमी होतातच. पण काही जणांत त्या फार वेगाने मरू लागतात. निम्म्याच्या आसपास पेशी गेल्या की लक्षणे दिसायला लागतात. हा पार्किन्सन, म्हणजे कंपवात. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने त्याचे नीट वर्णन केले, म्हणून त्याचे नाव.

त्यावरचे औषध सापडण्याची गोष्ट आपल्या मातीतून जाते. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शेकडो वर्षे औषधात आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, असा लेख ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. स्वीडनचे अरविद कार्लसन यांनी १९५७ मध्ये ते सशांना दिले. ससे डोळे अर्धवट मिटून, हलेनासे झाले. मग त्यांना एल-डोपा दिले, ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो. थोड्या वेळात ससे पुन्हा हिंडू-फिरू लागले. डोपामिन संपले की हालचाल थांबते, हे त्यातून कळले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. कंपवातावर आजही मुख्य गोळी एल-डोपाचीच आहे.

हेच एल-डोपा खाजकुयलीच्या बियांत नैसर्गिकरीत्या असते. आयुर्वेदात कपिकच्छू म्हणतात ती हीच. पण म्हणून घरीच बिया कुटून देऊ नयेत. कोणत्या बियांत किती अंश आहे ते ठरलेले नसते, आणि गोळी चालू असताना वरून बियांची पूड दिली तर मात्रा वाढून भास होणे, रक्तदाब एकदम उतरणे असा त्रास होऊ शकतो.

कंपवात म्हणजे फक्त थरथर नव्हे. काहींना थरथर नसतेही. चालताना एक हात हलत नाही, पायातली चप्पल आपोआप निघते, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो, चेहरा कोरा दिसतो. ही लक्षणे यायच्या काही वर्षे आधी वास कमी येणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे किंवा ओरडणे असेही होऊ शकते.

औषध चालू असणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. एल-डोपाची गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी, कारण डाळ, दूध, अंडी, मटण यांतली प्रथिने तिला शरीरात शोषू देत नाहीत. आणि गोळी एकदम बंद करू नये, त्याने जिवावर बेतू शकते.

औषधच कारण असते तेव्हा

आता घराघरांत घडणारी, पण फारशी कोणाच्या ध्यानात न येणारी गोष्ट. काही नेहमीच्या गोळ्या मेंदूतले हेच निरोप अडवतात.

• चक्कर आणि मळमळीच्या काही गोळ्या: सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रमाइड. या डोपामिनची कुलपे बंद करतात. चार दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी महिनोन्‌महिने चालू राहिली तर कंपवातासारखीच थरथर आणि ताठरपणा येऊ शकतो. डॉक्टरांनी गोळी थांबवली की बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतार पडतो.

• सर्दी-खाजेच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या: क्लोरफेनिरामाइन असलेल्या. तसेच पोटदुखीची डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठीची अमिट्रिप्टिलिन आणि थरथरीवरची ट्रायहेक्सिफेनिडिल. या कमी-अधिक प्रमाणात असिटिलकोलिन अडवतात. धोतऱ्याचाच हा सौम्य अवतार. म्हाताऱ्या माणसाचे तोंड कोरडे पडते, शौचाला होत नाही, लघवी अडते, आणि त्याला सुचेनासे होते.

• झोपेच्या गोळ्या: अल्प्राझोलाम, डायझेपाम. या मेंदूला शांत करणाऱ्या गाबा नावाच्या रसायनाचा जोर वाढवतात. म्हाताऱ्या शरीरात त्यांचा अंमल लांबतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. बरेच दिवस घेतलेल्या या गोळ्या एकदम सोडणेही धोक्याचे असते, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

या गोळ्या वाईट आहेत असे नाही. योग्य माणसाला, योग्य दिवसांपुरत्या त्या उपयोगीच पडतात. अडचण होते ती मेडिकलमधून परस्पर आणल्यामुळे, जुनी चिठ्ठी वर्षभर चालवल्यामुळे आणि तीन डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र घेतल्यामुळे. यादी वाचून घरीच गोळी बंद करू नका. घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, चूर्ण, काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, ‘यातली कोणती आता लागत नाही?’

एकाएकी भ्रमिष्टपणा आला तर

कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज सकाळी घरच्यांना ओळखत नाही, कपडे ओढते, भिंतीवर माणसे दिसतात म्हणते. अशा वेळी काही घरांत बाधा झाली समजून दोन-चार दिवस उतारे, अंगारे होतात. एक-दोन दिवसांत आलेला असा बदल हा स्मृतिभ्रंश नसतो आणि वेडही नसते. मेंदूच्या रसायनांचा तोल अचानक ढळलेला असतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम कमी होणे, साखर उतरणे, पाणी कमी पडणे, नवीन गोळी, डोक्याला मार, ही त्याची नेहमीची कारणे. यात तासांना महत्त्व आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठला तर बहुतेक माणसे पुन्हा पूर्वीसारखी होतात.

विसरणे: साधे कोणते, काळजीचे कोणते?

पाहुण्याचे नाव ओठांवर येऊन अडले आणि तासाभराने आठवले, हे वयाचे विसरणे. म्हशीची धार काढली की नाही, हे क्षणभर आठवेना, तेही साधेच. पण आयुष्यभर धारा काढणाऱ्या माणसाला धार कशी काढायची तेच सुचेना, रोजच्या शेताची वाट चुकली, पैशांचा हिशेब जमेना, पाच मिनिटांत तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला, तर ते वयाचे नव्हे.

स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर. १९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने तो प्रथम मांडला. त्यात असिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशी झपाट्याने जातात. यावरचे डोनेपेझिल हे औषध असिटिलकोलिन तोडणाऱ्या एन्झाइमला थोडेसे अडवते. तत्त्व फवारणीच्या विषाचेच, पण मात्रा मोजलेली आणि परिणाम सौम्य. त्याने आजार बरा होत नाही, मात्र काहींची रोजची कामे काही काळ जास्त बरी चालतात. म्हणूनच एका बाजूला डोनेपेझिल आणि दुसऱ्या बाजूला असिटिलकोलिन अडवणारी सर्दीची गोळी, असे एकाच वेळी देणे म्हणजे बैलजोडीतला एक बैल पुढे आणि दुसरा मागे हाकणे.

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत निघाला. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त आढळले.

मात्र प्रत्येक विसरणे अल्झायमरचे नसते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड आणि मनाचे खचणे यांनीही विसरायला होते, आणि या तिन्हींवर उपचार आहेत. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडण्याची शक्यता जास्त. साध्या रक्ततपासणीत ते कळते.

मन खचणे आणि झोप

सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन ही मनाचा उभारा, झोप, भूक यांच्याशी जोडलेली रसायने. वयाबरोबर त्यांच्या जोडण्याही विरळ होतात. त्यात जोडीदार गेलेला, मुले पुण्या-मुंबईला, कान मंद. म्हातारा माणूस ‘मला उदास वाटतं’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो अंग दुखतंय, जेवण नको, झोप नाही, आता देवाने न्यावं. या शेवटच्या वाक्याला हसून उडवून लावू नये. उतारवयातले नैराश्य औषधाने आणि बोलण्याने बरे होते.

झोपेचेही तसेच. अंधार पडल्यावर मेंदूत तयार होणारे मेलाटोनिन वयाने कमी होते. म्हणून लवकर पेंग येते आणि पहाटे तीन-चारला जाग येते. गोळीआधी हे करून पाहावे: सकाळी अर्धा तास उन्हात बसणे किंवा चालणे, दुपारची झोप अर्ध्या तासावर ठेवणे, संध्याकाळनंतर चहा बंद.

घरी काय करता येईल?

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने १४ कारणे मोजली. ती टाळता आली तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश रोखता किंवा लांबवता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यातली बरीच आपल्या हातातली आहेत.

• रक्तदाब आणि साखर नियमित तपासा. उपकेंद्रात, आरोग्यवर्धिनी केंद्रात हे मोफत होते.
• कान आणि डोळे दुर्लक्षू नका. ऐकू न येणारा माणूस बोलण्यातून बाजूला पडतो आणि मेंदूला निरोपच मिळेनासे होतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलू नका.
• रोज चालणे. कंपवात असलेल्यांनाही व्यायामाने हालचाल सुधारते.
• पारावरच्या गप्पा, भजन, नातवंडांना गोष्टी सांगणे, घरच्या हिशेबात विचारणे. माणसाला कामातून काढून टाकू नका.
• तंबाखू, विडी, मिश्री आणि दारू सोडणे.
• फवारणी करताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. काही कीटकनाशके आणि पॅराक्वाटसारखे तणनाशक यांचा कंपवाताशी संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळला आहे. युरोपीय संघात पॅराक्वाटवर २००७ पासून बंदी आहे. साठीपुढच्या माणसाच्या पाठीवर पंप देऊच नये.

मदत कुठे मिळेल?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. तिथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. ज्येष्ठ नागरिक आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी असणे अपेक्षित आहे, जाण्याआधी वार आणि वेळ विचारून घ्या. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ सुरू असतो.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या: त्रास केव्हापासून आहे, हळूहळू वाढला की एकाएकी आला, आणि त्याच्या आधीच्या महिन्यात कोणती नवी गोळी सुरू झाली. चालताना किंवा हात थरथरताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवला तर डॉक्टरांना निदान करायला मोठी मदत होते.